पुण्यांतील सायकल : एक साधनविचार

पुण्यास 'सायकलींचें शहर' ही संज्ञा कां मिळाली, याचें उत्तर बहुधा पुणेकरांच्या काटकसरी स्वभावांत शोधलें जातें. आम्हांस हें उत्तर अपुरें वाटतें. स्वभाव हेंच कारण असतें, तर विसाव्या शतकाच्या अखेरीस हें वाहन रस्त्यावरून इतक्या त्वरेनें मागें पडतें ना.

१८८५ सालीं कॉव्हेन्ट्री येथें जॉन केम्प स्टार्ली यानें 'रोव्हर' सायकल घडविली व १८८८ सालीं डनलॉपनें हवा भरलेली रबरी धांव काढली. पुढें स्वस्त होत गेलेल्या या वाहनास पुण्याची रचना अनुकूल ठरली. शनिवारवाड्यापासून स्वारगेट दोन मैलांच्या आंत. फर्ग्युसन कॉलेज नदीपलीकडे. १८६९ सालीं स्थापन झालेला खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना चारेक मैलांवर. एवढें अंतर रोज पायीं जाण्यास लांब, आणि टांग्यानें जाणें विद्यार्थ्यास वा कामगारास न परवडणारें. सायकल नेमकी या अंतराची सोय होती.

तें अंतरच पुढें वाढलें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला व त्या बाजूस कारखान्यांची वस्ती विस्तारली. आकुर्डीस स्कूटर तयार होऊं लागली. १९७२ सालीं 'लूना' निघाली. स्वभाव तोच राहिला. अंतर व साधन मात्र पालटलें. महानगरपालिकेनें २०१७ सालीं मोठी सायकल योजना मंजूर केली, तिचाहि विचार याच दृष्टीनें झाला पाहिजे. केवळ मार्ग आंखून घर व कामाचें ठिकाण जवळ येत नाहीं.

आमचें हें अनुमान पडताळण्याचें एक साधन घरोघरीं पडून आहे. सायकलीवर कर असे, व तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला मिळे. बिल्ला नाहीं, रात्रीं दिवा नाहीं किंवा मागें दुसरा स्वार बसला आहे, म्हणून पोलिसानें अडविल्याच्या हकीकती वृद्धांच्या तोंडीं अजून आहेत. वर्ष व क्रमांक असलेले असे बिल्ले एकत्र केल्यास सायकलींच्या वाढीचा व ऱ्हासाचा कांहीं अंदाज बांधतां येईल. ताम्रपट व नाणीं आपण जपतों, तीं राजांचीं म्हणून. हे बिल्ले कारकुनांचे, कामगारांचे व विद्यार्थ्यांचे आहेत, आणि ते मोडींत जात आहेत. ज्यांचे संग्रहीं ते असतील त्यांनीं ते निदान नोंदवून ठेवावे, एवढीच आमची विनंति आहे.