विंचवाचे विष, रात्रीचा धसका: महाडमधील एका गोळीचा इतिहास

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सावित्रीच्या खाडीपासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पसरलेला महाड-पोलादपूरचा टापू महाराष्ट्राला किल्ले रायगड आणि १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह यांमुळे परिचित आहे. जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात मात्र त्याची ओळख लाल विंचवाच्या दंशावरील संशोधनाची भूमी अशी आहे. १९८१ पर्यंत कुलाबा हे नाव धारण करणाऱ्या या जिल्ह्यात विंचू हा घराचाच रहिवासी होता. जांभ्याच्या भिंतींतील भेगा, कौलांखालचे वासे, भाताचा पेंढा, गोवऱ्यांचे ढीग ही त्याची आवडती ठिकाणे, आणि पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना, लाकूडफाट्याची बेगमी करताना नेमके याच ठिकाणी माणसाचे हात आणि अनवाणी पाय जात.

विंचू चावला की तो 'उतरवण्याची' रीत गावोगाव होती. मंत्र म्हणणारा जाणता माणूस दंशाच्या जागेपासून वर चढलेली वेदना हात फिरवत खाली आणत असे. या प्रथेला केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारले, तर ती इतकी का टिकली हे उमगत नाही. बहुतेक दंशांत विषाचा परिणाम चावलेल्या जागेच्या तीव्र वेदनेपुरताच राहतो आणि ती वेदना काही तासांनी आपोआप ओसरते. त्यामुळे मांत्रिकाला यश येताना लोकांनी खरोखरच पाहिले होते. घात होत असे तो उरलेल्या रुग्णांचा, ज्यांत वेदना थोडी असे, पण घामाने कपडे भिजत, उलट्या होत, हातपाय गार पडत आणि काही तासांनी तोंडातून गुलाबी फेस येऊन रोगी दगावत असे. वेदनेवरून दंशाची तीव्रता जोखणाऱ्या पारंपरिक समजुतीला ही लक्षणे धोक्याची वाटतच नसत, आणि हाताशी असलेले मोलाचे तास मंत्रात निघून जात.

हा फेस म्हणजे फुप्फुसांत साचलेले पाणी होय, हे मुंडले यांनी १९६१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहून दाखवले होते. परंतु रोगाचे नाव कळल्याने औषध सापडत नाही. पुढची वीस वर्षे उपचारांत एकवाक्यता नव्हती आणि गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, ते मूळचे जालना जिल्ह्यातले आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. मोठ्या शहरातील रुग्णालयात विंचूदंशाचा रुग्ण पोहोचे तो बहुधा अखेरच्या अवस्थेत. खेड्यातील केंद्रात तो पहिल्या तासात येई, आणि उशाशी रात्र काढणाऱ्या डॉक्टरला लक्षणांचा क्रम आरंभापासून पाहता येई. हा क्रम टिपून १९८२ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात उलट्या, अतोनात घाम, थंड हातपाय आणि पुरुषांमधील जननेंद्रियाची ताठरता ही हृदयावर येणाऱ्या संकटाची पूर्वसूचना असल्याचे मांडले. साधनांची वाण असलेल्या केंद्राचा हा एक लाभ होता, आणि तो ओळखण्यासाठी जी चिकाटी लागते तिचे मोल कमी लेखता येत नाही.

या लक्षणांमागील यंत्रणा येथे थोडी उलगडून सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व इतिहास तिच्यावरच उभा आहे. संकट समोर येताच शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही संप्रेरके रक्तात सोडते. हृदय धडधडते, त्वचेकडील रक्तवाहिन्या आकसतात, घाम सुटतो. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंच्या टोकांवरील सोडियमची सूक्ष्म द्वारे बंद होऊ देत नाही, त्यामुळे ही धोक्याची घंटा एकदा वाजली की वाजतच राहते. वैद्यक या अवस्थेला स्वायत्त मज्जासंस्थेचे वादळ म्हणते. आकसलेल्या रक्तवाहिन्यांच्या विरोधात रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी उतरते. म्हणजे विंचवाने मारलेला माणूस एका अर्थी स्वतःच्याच शरीरातील भीतीच्या रसायनाने मरत होता.

प्राझोसिन हे औषध रक्तदाबासाठी फायझर कंपनीने विकसित केले आणि १९७० च्या दशकात बाजारात आणले. नॉरअ‍ॅड्रेनलिन ज्या ग्राहींवर बसून रक्तवाहिन्या आवळते, त्यांपैकी अल्फा-१ नावाच्या ग्राहींना ते अडवते. विंचूदंशात नेमकी हीच कळ दाबलेली असते, हे ध्यानात घेऊन बावस्करांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ही गोळी महाड-पोलादपूर भागातील रुग्णांना देण्यास आरंभ केला, आणि १९८६ मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह तिचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. वजनाच्या दर किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडावाटे, गरजेप्रमाणे दर ३ तासांनी, इतकी साधी ही पद्धत होती. तिला अतिदक्षता विभाग लागत नव्हता आणि महागडे यंत्रही लागत नव्हते. गोळी दिल्यावर रुग्णाला आडवेच ठेवावे लागे, कारण उठून बसताच रक्तदाब कोसळण्याचा धोका असतो; रडणाऱ्या लेकराला उचलून कडेवर घेऊ नका, हे आईला पुन्हा पुन्हा बजावणे हा उपचाराचाच भाग होता. गार पडलेले तळपाय पुन्हा उबदार होऊ लागले की डॉक्टरला सुटकेचा श्वास टाकता येई, आणि ही ऊब पारखायला हाताच्या पंजाखेरीज कोणतेही उपकरण लागत नसे. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांवरून सुमारे १ टक्क्यावर आले.

या कथेतील सर्वांत आदरणीय भाग त्यानंतरचा आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेने लाल विंचवाच्या विषावरील प्रतिविष तयार केल्यावर केवळ प्राझोसिन आणि प्रतिविषासह प्राझोसिन यांची तुलना बावस्कर दांपत्याने महाडमध्येच केली. ७० रुग्णांची चिठ्ठीपद्धतीने दोन समान गटांत विभागणी केली, आणि २०११ च्या आरंभी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये असे नोंदवले की प्रतिविषाची जोड मिळालेले रुग्ण कितीतरी लवकर बरे झाले. ज्या गोळीने त्यांचे नाव जगभर नेले, ती एकटी देण्यापेक्षा प्रतिविषासह दिलेली बरी, हे त्यांनीच दाखवून दिले. २०२२ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली.

याच गोळीचा दुसरा इतिहास मनाच्या दुखण्याशी निगडित आहे, आणि ते दुखणेही या किनाऱ्याला अनोळखी नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ उलटून ६०० हून अधिक माणसे बुडाली. २५ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या वस्त्यांवर दरडी कोसळल्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनच्या बाजूने किनारा गाठला. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ८० हून अधिक माणसे दरडीखाली गेली आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापुरातील इर्शाळवाडी गाडली गेली. अशा घटनांच्या पंचनाम्यात मृतांची आणि पडलेल्या घरांची मोजदाद होते. जे वाचले त्यांच्या झोपेची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही.

मराठीत त्यासाठी शब्द मात्र जुना आहे. 'त्याने धसका घेतला' असे म्हणताना बोलणारा जे सांगतो, त्याला अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये आघातोत्तर तणाव विकार, अर्थात पीटीएसडी, हे नाव दिले: जीवघेण्या प्रसंगानंतर तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहणे, बारीक आवाजाने दचकणे, त्या जागेकडे पाऊल न वळणे, झोपेत ओरडून उठणे. कोकणात अशा माणसाची दृष्ट काढली जाई, अंगारा लावला जाई, भगताकडून उतारा टाकला जाई. जवळची मनोरुग्णालये म्हणजे ठाणे आणि रत्नागिरी. तिथे जाणे म्हणजे वेडा ठरणे, आणि धसका घेतलेला माणूस वेडा नसतो हे घरच्यांना पक्के ठाऊक असे. विंचू उतरवण्याच्या प्रथेप्रमाणे याही उपायांना काही अंशी यश येत असणार, कारण मोठ्या आघातानंतर बहुतेक माणसे आप्तांच्या आधाराने हळूहळू सावरतात. प्रश्न येथेही उरलेल्यांचाच होता.

१९९० च्या दशकात अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे मरे रॅस्किंड हे मानसोपचारतज्ज्ञ व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करत होते. वर्षानुवर्षे छळणाऱ्या दुःस्वप्नांच्या मुळाशी मेंदूतील नॉरअ‍ॅड्रेनलिनचा अतिरेक असावा, या तर्काने त्यांनी रक्तातून मेंदूत शिरू शकणारे प्राझोसिन निवडले, आणि २००० मध्ये चार सैनिकांचा अनुभव प्रसिद्ध केला. महाड आणि सिअ‍ॅटल या दोन ठिकाणांचे रस्ते स्वतंत्र होते, तरी दोन्हीकडे तर्क एकच होता: धोका टळला तरी न थांबणारी घंटा थांबवायची. एकीकडे ती विषाने वाजत होती, दुसरीकडे आठवणीने. लहान चाचण्यांत गुण आला आणि हे औषध जगभर दुःस्वप्नांसाठी लिहून दिले जाऊ लागले. पुढे १३ केंद्रांवरील ३०४ माजी सैनिकांच्या मोठ्या चाचणीत प्राझोसिन घेणारे आणि निष्क्रिय गोळी घेणारे यांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०१८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाचे पहिले नाव रॅस्किंड यांचेच होते. आपल्याच औषधाला तराजूत घालण्याचा जो बाणा महाडमध्ये दिसला, तोच येथेही दिसतो. फरक एवढाच की विंचूदंशात पारडे प्राझोसिनच्या बाजूने झुकले आणि दुःस्वप्नांच्या बाबतीत ते अधांतरी राहिले.

आज आघातोत्तर विकारावरील चर्चेत पुढे असलेले केटामाइन याच तराजूत ठेवून पाहावे लागते. १९६२ मध्ये कॅल्विन स्टीव्हन्स यांनी घडवलेले, १९६४ मध्ये मिशिगनमध्ये तुरुंगातील स्वयंसेवकांना प्रथम दिलेले आणि १९७० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे भूल देण्याचे औषध आहे. ते श्वास सहसा थांबू देत नाही आणि रक्तदाब पडू देत नाही, म्हणून भूलयंत्र नसलेल्या ठिकाणीही शस्त्रक्रिया शक्य होते; याच गुणामुळे जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याचा अत्यावश्यक औषधांत समावेश केला. प्राझोसिन घंटेचा आवाज दाबते, तर केटामाइन नाडी आणि रक्तदाब उलट वाढवते. त्याचा अपेक्षित परिणाम वेगळ्या जागी आहे. मेंदूतील ग्लुटामेट या संदेशवाहकाच्या एनएमडीए नामक ग्राहींना ते अडवते, आणि त्यानंतर मज्जापेशींमधील झिजलेले दुवे पुन्हा जुळू लागतात असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसते. भुलेपेक्षा बरीच कमी मात्रा, दर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, ४० मिनिटांत शिरेतून सोडतात. त्या वेळात रुग्णाला आपण देहापासून अलग झाल्यासारखे वाटते, आणि म्हणून जवळ माणूस लागतो.

न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅड्रियाना फेडर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ४१ रुग्णांवरील चाचणीत एका मात्रेनंतर २४ तासांत लक्षणे घटल्याचे नोंदवले. २०२१ मध्ये ३० रुग्णांना दोन आठवड्यांत सहा मात्रा देऊन केलेल्या अभ्यासात केटामाइन गटातील ६७ टक्के, तर तुलनेसाठी मिडाझोलाम हे गुंगीचे औषध दिलेल्या गटातील २० टक्के रुग्णांना गुण आला; मात्र गुण आलेल्यांपैकी निम्म्यांत तो सुमारे चार आठवड्यांत ओसरला. २०२२ मध्ये १५८ सैनिक व माजी सैनिकांवरील मोठ्या चाचणीत नैराश्य कमी झाले, पण आघातोत्तर विकाराच्या लक्षणांत निष्क्रिय औषधाच्या तुलनेत लक्षणीय फरक पडला नाही. प्राझोसिनचाच क्रम येथे पुन्हा दिसतो, आणि खर्चिक केटामाइन उपचाराची जाहिरात वाचणाऱ्या कुटुंबाला तो आधी सांगितला गेला पाहिजे.

भारतात केटामाइनचा नशेसाठी गैरवापर आणि चोरटी निर्यात वाढल्यावर १० फेब्रुवारी २०११ रोजी ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणले गेले आणि २०१३ मध्ये औषध नियमावलीच्या परिशिष्ट एक्समध्ये घातले गेले, त्यामुळे कुलूपबंद साठा आणि स्वतंत्र नोंद बंधनकारक झाली. परिणामी कोकणातील एखाद्या रुग्णालयात ही दोन औषधे एकाच छताखाली असूनही निराळ्या जागी राहतात: केटामाइनची कुपी शस्त्रक्रियेसाठी कुलपाच्या कपाटात, आणि प्राझोसिनची पट्टी, विंचवाचा रुग्ण दारात येताच सापडावी म्हणून, वरच्या उघड्या खणात. रात्री दरडीच्या आवाजाने दचकून उठणाऱ्या माणसासाठी मात्र या दोहोंपैकी एकही तिथे ठेवलेले नसते.