दोष हवेत की संचात? शिरड शहापूर आणि ट्यूबचा टीव्ही

१/ मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्या वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुण्यातही चित्र दिसू लागले. मराठवाड्यातील खेड्यांना त्याचा उपयोग नव्हता. दूरदर्शनच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि क्षितिजापलीकडे फारशा पोचत नाहीत.

२/ १९८४ साली देशभर १०० वॅटचे लघुशक्ती प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले. त्यांचा आवाका साधारण १५ ते २५ किलोमीटर. औंढा नागनाथ–वसमत मार्गावरचे शिरड शहापूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते (हिंगोली जिल्हा १ मे १९९९ चा). नांदेड आणि परभणी ही दोन्ही शहरे येथून सरळ रेषेत सुमारे चाळीस किलोमीटर. एवढ्या अंतरावरच्या छोट्या प्रक्षेपकाची लहर अशा गावी पोचे तेव्हा अगदी क्षीण झालेली असे. मग उंच लोखंडी पाइप, त्यावर ॲल्युमिनियमचा अँटेना, चपटी वायर आणि बूस्टर असा सरंजाम उभारावा लागे.

३/ अशा ठिकाणी चित्र बिघडले की पहिला प्रश्न एकच: दोष हवेत की संचात? निदान चुकले, तर काचेची निर्वात नळी सांभाळत जड संच जीपमध्ये घालून शहरात न्यायचा. तेथे प्रक्षेपक जवळ असल्याने तो ठणठणीत चाले आणि घरी परतताच पुन्हा तेच. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागले, तेव्हा ही चूक अवघ्या आळीला भोवे.

४/ उत्तर पडद्यावरच असे. ‘मुंग्या’ हा शब्द मराठीने किती नेमका शोधला! बाहेरचा संदेश क्षीण झाला की संच आपले वर्धन आपोआप वाढवतो आणि त्याच्या स्वतःच्या मंडलांतील विद्युत कुरबुर ठिपक्यांच्या रूपाने दिसू लागते. म्हणून रिकाम्या चॅनेलवर दाट मुंग्या आणि मोठी खरखर असेल, तर संचाचा पुढचा भाग जिवंत आहे. छपरावर चढावे, वायरचे गंजलेले सांधे पाहावे, अँटेना फिरवत ‘आलं का?’ असे ओरडावे. उलट पडदा उजळलेला, पण मुंग्याही नाहीत आणि आवाजही नाही, तर दोष बहुधा ट्यूनरमध्ये किंवा त्याच्या लगतच्या भागात.

५/ माणसाशेजारी त्याचीच फिकट सावली दिसली, तर तो संचाचा रोग क्वचितच. टेकडीवरून किंवा मोठ्या इमारतीवरून परावर्तित झालेली लहर उशिरा पोचते. वीस इंची पडद्यावर ३०० मीटरचा वळसा चित्राला सुमारे आठ मिलिमीटर सरकवतो. इलाज अँटेनाची दिशा बदलण्याचा, पेचकसाचा नव्हे.

६/ चित्र चहूबाजूंनी आखडले तर विजेवर संशय घ्यावा. शेतपंप सुरू झाले की खेड्यातला दाब घसरे. स्टॅबिलायझरची टकटक त्या काळच्या घराघरात ऐकू येई. दाब पुरेसा असूनही एखादा काळसर पट्टा संथपणे वर सरकत असेल, तर वीजपुरवठ्याचा गाळणी कपॅसिटर सुकलेला. चित्र खालीवर फिरत राहिले, तर आधी मागची ‘व्हर्टिकल होल्ड’ची कळ.

७/ खरा मेकॅनिक लागे तो आडव्या रेघेला. सारे चित्र मिटून मधोमध एकच प्रखर रेघ उरली, म्हणजे किरणाला वरखाली नेणारे मंडल मृत झाले. ब्राइटनेस त्वरित कमी करावा. अन्यथा पडद्याचा लेप तेथेच जळतो. आवाज आहे पण पडदा काळा, तर ‘ईएचटी’ उडाल्याची शंका. कृष्णधवल संचात तेथे पंधरा हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही नळीत भार साठून राहतो. म्हणून जाणता मेकॅनिक झाकण काढताच पेचकसाला अर्थची वायर जोडून तो भार आधी उतरवी. हे न शिकता हात घालणाऱ्यांना जबर झटके बसत.

८/ पिक्चर ट्यूब म्हातारी झाली की चित्र उशिरा उमटे आणि चेहरे राखाडी, मळकट दिसत. नवी ट्यूब परवडत नसे. मग हीटरचा दाब किंचित वाढवून मेकॅनिक तिला आणखी काही महिने ओढत असे. त्याने ट्यूब लवकर मरते हे त्यालाही ठाऊक असे, ग्राहकालाही.

९/ २०२२ पर्यंत प्रसार भारतीने आपले बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले. आता डिशचा संदेश क्षीण झाला की चित्राचे चौकोन होतात, मग ते थिजते आणि पडद्यावर सूचना येते. मुंग्या येत नाहीत.