एसीचा गॅस: सोडण्यापासून धरण्यापर्यंत

मे महिन्यात गोव्याकडे निघालेली गाडी महाड गाठते, पुढे कशेडीचा घाट, आणि नेमका तेव्हाच एसी गरम हवा फेकू लागतो. महाड-पोलादपूरच्या एखाद्या गॅरेजात बॉनेट उघडतं. गिऱ्हाइकाचं म्हणणं एवढंच, ‘गॅस भरून द्या.’ आत उरलेल्या गॅसची चौकशी कोण करतो? पिन दाबली, फुस्स झालं, पाइप मोकळा. गॅस असा सोडून देण्याचा रिवाज जुना आहे. धरून ठेवण्याचा त्यामानाने अलीकडचा.

१९२०च्या दशकातल्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असायचे. गळती झाली तर जिवाशी गाठ. संशोधक थॉमस मिजली यांनी पुढे आणलेला आर-१२ हा गॅस मात्र पेटत नव्हता, विषारी नव्हता. १९३० साली त्यांनी तो अमेरिकन केमिकल सोसायटीपुढे छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. इतका साळसूद गॅस पकडून ठेवावा, असं वाटणार तरी कोणाला? १९४०च्या मॉडेलच्या पॅकार्ड गाडीत एसी आला आणि गॅरेजांत फुस्स सुरू झालं. भारतात १९६७ पासून मफतलाल समूहाचा सुरतजवळचा भेस्तानचा कारखाना असे गॅस बनवू लागला.

मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली या साळसूदपणाचं बिंग फोडलं: हा गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८७ साली ओझोन वाचवण्यासाठी माँट्रियल करार झाला. अमेरिकेत १९९२ पासून गाडीचा गॅस यंत्राने ओढून घेणं कायद्याने बंधनकारक होऊ लागलं. भारत करारात आला तोही त्याच वर्षी. मग आलेला आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट उष्णता अडवतो. गाडीतला अर्धा किलो गॅस सोडणं म्हणजे साधारण ३०० लिटर पेट्रोल जाळणं. हे गणित गॅरेजच्या भिंतीवर लावायला हवं.

गॅस ओढून घेणाऱ्या यंत्राला, म्हणजे रिकव्हरी मशीनला, स्वतःचा कॉम्प्रेसर असतो, त्यामुळे बंद गाडीतूनही गॅस निघतो. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून ८० टक्क्यांपर्यंतच भरायचा; उन्हात द्रव फुगतो आणि टाकी फुटू शकते. आर-१३४एचा हा द्रव उणे २६ अंशांना उकळतो, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. गॅस हवेपेक्षा जड, वास जवळजवळ नाही. गाडीखालच्या खड्ड्यात साचला तर माणूस गुदमरतो. जवळ ज्योत असली तर विषारी धूर होतो.

२२ जुलै २०२१ च्या पुरात महाड बुडालं, गाड्याही बुडाल्या. इंजिन गेलं तरी पाइप शाबूत असला तर गॅस आतच असतो. भंगारात कटर लागण्याआधी तो काढायचा, आणि वेगळ्या सिलिंडरमध्ये. पाणी शिरलेला किंवा एलपीजीची भेसळ असलेला अर्धा किलो गॅस चांगल्या सिलिंडरमध्ये गेला, तर तो सगळा सिलिंडर वाया जातो.