एकोला फरक कळत नाही

1994 साली रास्मस लेरडॉर्फनं आपला ऑनलाइन रेझ्युमे किती जण बघतात हे मोजायला सी भाषेत छोटे प्रोग्रॅम लिहिले. जून 1995मध्ये त्यानं ते 'पर्सनल होम पेज टूल्स' या नावानं सगळ्यांना खुले केले. पीएचपी जन्मली ती अशी.

तोवर सी किंवा पर्लच्या प्रोग्रॅममधून वेबपान बनवायचं, तर एचटीएमएलची एकेक ओळ छापावी लागे. पीएचपीनं हे उलटं केलं. फाइल मुळात एचटीएमएलचीच, मधूनमधून कोडची बेटं. बेटांबाहेरचं सगळं जसंच्या तसं ब्राउझरकडे जातं. बेटावरून काही पाठवायला 'एको' किंवा 'प्रिंट'. पहिला शब्द युनिक्सच्या शेलमध्ये आधीपासून होता, दुसरा पर्लमध्ये. दोघांतला फरक इंटरव्ह्यूत हमखास विचारतात, पण तो किरकोळ आहे: एकोला स्वल्पविराम देऊन अनेक गोष्टी देता येतात, प्रिंट एकच घेतो आणि 1 परत करतो.

महत्त्वाचं आहे ते दोघांतलं साम्य. मजकूर कुठला आणि मार्कअप कुठलं, हे दोघांनाही कळत नाही. फॉर्ममध्ये नावाच्या जागी कुणी स्क्रिप्ट टॅग लिहिला, तर एको तोही इमानेइतबारे पुढे पाठवतो आणि वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये परका कोड चालतो. फेब्रुवारी 2000मध्ये अमेरिकेतल्या 'सर्ट'नं या 'क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग'बद्दल जाहीर इशारा दिला.

पीएचपीत उपाय होता. 'एचटीएमएलस्पेशलचार्स' हे फंक्शन '<' सारख्या चिन्हांना निरुपद्रवी करतं. पण ते दर वेळी आठवणीनं लिहावं लागतं. शंभर ठिकाणी लिहून एका ठिकाणी राहिलं, तरी दार उघडंच. त्यातही एकेरी अवतरणचिन्ह ते आपणहून बदलू लागलं, ते थेट 2021च्या पीएचपी 8.1पासून.

2010मध्ये फेसबुकनं 'एक्सएचपी' खुलं केलं. त्यात मार्कअप हा भाषेच्या व्याकरणाचाच भाग झाला, आणि आत घातलेला साधा मजकूर आपोआप सुरक्षित होऊ लागला. लाराव्हेलच्या ब्लेडमध्ये आज दुहेरी महिरपी कंस हेच काम करतात. कच्चा मजकूर पाठवायचा, तर कंसात दोन्हीकडे दोन-दोन उद्गारचिन्हं द्यावी लागतात.

एको मात्र 1995इतकाच भाबडा आहे. बदललं ते एवढंच: आधी सुरक्षित राहायला आठवण लागायची, आता धोका पत्करायला मुद्दाम चार उद्गारचिन्हं टाइप करावी लागतात.