नाताळच्या दिव्यांचे नियंत्रण : एक टिपण

डिसेंबर 1882 मध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यू यॉर्क येथील आपल्या घरी नाताळचा वृक्ष 80 विद्युद्दीपांनी उजळला. मेणबत्त्यांमुळे लागणाऱ्या आगीचे भय त्यायोगे टळले, एवढेच सामान्यतः सांगितले जाते. परंतु हा वृक्ष स्वतःभोवती फिरत असे, आणि तो फिरताना तळाशी बसविलेल्या तांब्याच्या खंडित पट्ट्यांवरील संपर्क जुळून व तुटून तांबडे, पांढरे व निळे दिवे आळीपाळीने उजळत, याकडे दुर्लक्ष होते. नियंत्रणाचा इतिहास येथून सुरू होतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

या रचनेत आज्ञा देणारा संपर्क आणि दिव्यांचा प्रवाह वाहणारा संपर्क एकच होता. इटलीतील इव्रेआ येथे 2005 मध्ये सिद्ध झालेल्या आर्दुइनो या सूक्ष्मनियंत्रक-फलकाने हौशी मंडळींची ही अडचण दूर केली, असे मानण्याचा मोह होतो, तो आवरावा. त्याच्या मूळ जातीच्या फलकातील एका टोकातून 5 व्होल्टवर सुमारे 20 मिलिअँपिअर प्रवाहच निर्धोकपणे घेता येतो, तर अमेरिकेतील घरगुती वीज 120 व्होल्टची. या दोहोंमध्ये उभा राहतो तो प्रकाशयुग्मक. त्याच्या एका बाजूस इवलासा प्रकाशोत्सर्जक डायोड उजळतो. दुसऱ्या बाजूचा प्रकाशसंवेदी घटक ट्रायकला चालना देतो. दोन्ही मंडलांत एकही तार सामाईक राहत नाही, आणि फलक हाताळणाऱ्याचे प्राण त्या विलगतेवरच अवलंबून असतात. दिव्यांना आज्ञा पोहोचविण्यास पुन्हा दिवाच मध्यस्थ लागावा, हे मौजेचे खरे! 12 व्होल्टच्या माळांना ट्रान्झिस्टर पुरतो. मात्र त्यांचा पुरवठा-खोका भिंतीतील विजेशीच जोडलेला असल्याने विलगतेची जबाबदारी त्याच्याकडे जाते.