सहकुटुंब, सहपरिवार, धावत

मराठी भाषेत ‘धावणे’ हे क्रियापद कधी सुखानं नांदलेलं दिसत नाही. घरात कुणी आजारी पडलं की धावपळ, आग लागली की धावाधाव, सगळे उपाय थकले की देवाचा धावा. पाठीमागे कुत्रं नाही, पुढे एस.टी. नाही, आणि तरी माणूस पळतो आहे, असं दृश्य आमच्या बीडला पूर्वी दिसलं असतं तर चार लोकांनी त्याला थांबवून विचारलं असतं, “काय झालं हो? कोण गेलं?”

मी उभा जन्म शाळेत इतिहास शिकवला. त्या इतिहासातही माणसं पळतात ती लढाई हरल्यावर. जिंकलेली माणसं घोड्यावर बसून सावकाश येतात. तेव्हा अमेरिकेतल्या भाचीचा फोन आला आणि ती म्हणाली, “मामा, जानेवारीत आम्ही चौघंही पळणार आहोत,” तेव्हा मी काळजीनं विचारलं, “कुणापासून?”

“कुणापासून नाही हो मामा! डिस्नेमध्ये. फ्लोरिडाला. शर्यतच असते तिथं.”

मग तिनं सविस्तर माहिती दिली. फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड नावाची जी भलीमोठी मौजनगरी १९७१ साली उघडली, तिथं १९९४च्या जानेवारीत पहिली मॅरेथॉन झाली. आता तो चार दिवसांचा सोहळा असतो. गुरुवारी पाच किलोमीटर, शुक्रवारी दहा, शनिवारी अर्धी मॅरेथॉन आणि रविवारी पूर्ण. ज्यांना एकाच शर्यतीनं समाधान होत नाही ते चारही पळतात. बेरीज अठ्ठ्याहत्तर किलोमीटरच्या आसपास होते. पहाटे पाचला शर्यत सुटते, म्हणून लोक रात्री दोन-तीनला उठतात. वाटेत परीकथेतला महाल लागतो. त्याच्या पोटातून पळत जायचं, मध्येच थांबून उंदराबरोबर फोटो काढायचा आणि पुन्हा पळायचं. नवरा, बायको, मुलं, झेपत असेल तर आजी-आजोबा, सगळ्यांनी. रांगणाऱ्या बाळांचीसुद्धा शर्यत तिथं झालेली आहे. ती पाहणाऱ्या आयांपैकी निम्म्या विरुद्ध दिशेला धावल्या असतील, हा माझा घरच्या अनुभवावरचा अंदाज.

आमच्या मंडळींनी एकच प्रश्न विचारला. “पळायचे पैसे ते देतात?”

“नाही मामी, आपण भरायचे.”

मंडळी गप्प झाली. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, पण मला ते इतक्या सहज कधी जमलेलं नाही.

इतिहासाच्या माणसाला मात्र गप्प बसता येत नाही. विनाकारण, पदरचे पैसे मोडून, कुटुंबासह पळायची ही रीत आली कुठून, याचा मी माझ्यापुरता शोध घेतला. मॅरेथॉनच्या मुळाशी ग्रीक निरोप्याची दंतकथा आहे. तो निरोप सांगून जागीच मेला. त्यावरून शहाण्या माणसानं काय धडा घ्यायचा तो घ्यावा. जगानं मात्र शर्यत सुरू केली. १८९६ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये ती चाळीस किलोमीटरच्या आसपास होती. १९०८ साली लंडनला ती विंडसरच्या राजवाड्याच्या हिरवळीवरून सुटली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपली. हे अंतर भरलं २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. पुढे १९२१ साली तेच कायमचं ठरलं. राजाच्या हिरवळीपासून राजाच्या बैठकीपर्यंतचं अंतर आजतागायत सारी प्रजा धापा टाकत पळते आहे. तेव्हा शर्यतीत राजवाडा डिस्नेनं आणला असं समजू नका. विंडसरचा खरा होता, ऑर्लँडोचा लुटुपुटीचा आहे, एवढाच फरक. शिवाय दुसऱ्यात सामान्य माणसाला आतून जाता येतं, म्हणजे ही प्रगतीच म्हणायची.

पण चार दिवसांची मौज, पाळणे, शर्यत आणि सगळं कुटुंब, हे अमेरिकेनं काढलं असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. आमच्याकडे याला जत्रा म्हणतात. महाशिवरात्रीला परळीच्या वैजनाथाला आणि बीडच्या कंकालेश्वराला, आष्टी तालुक्यात सावरगावच्या मायंबाला मच्छिंद्रनाथांच्या दर्शनाला, पिढ्यान्‌ पिढ्या माणसं लोटत आली. बैलगाडीत खाली कडब्याची बैठक, वर म्हातारी, तिच्या मांडीवर नातू, फडक्यात भाकरी, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. मुक्काम गाडीखालीच. जत्रेत रहाटपाळणा, मौतका कुवा, कुस्त्यांचा फड आणि कुठं कुठं शंकरपट. पटात मात्र मालक पळत नसे, बैल पळत. मालकाचं पळणं दुसऱ्या दिवसापासून, सावकाराला चुकवण्यासाठी. या बैलांनी पुढे सर्वोच्च न्यायालयही पाहिलं. २०१४ साली त्यांच्या शर्यती बंद झाल्या, २०२१च्या डिसेंबरात अटी घालून सुरू झाल्या आणि २०२३ साली तो कायदा वैध ठरला. नऊ वर्षांत निकाल! आमच्या भावकीच्या बांधाचा दावा अजून चालू आहे, त्यात एक बैल वादी असता तर बरं झालं असतं.

माणसांनी पळायचं ते देवासाठी. वारीत ज्ञानेश्वरांची पालखी माळशिरसहून वेळापूरकडे येते तेव्हा एका उतारावर ‘धावा’ होतो. इथून तुकोबांना विठ्ठलाच्या देवळाचं शिखर दिसलं आणि ते धावत सुटले, अशी परंपरा सांगतात. म्हणून आजही तिथं सारे वारकरी धावतात. तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया धावतात, सत्तरीतले बाबा धावतात, खांद्यावरच्या नातवासकट धावतात. आमच्या जिल्ह्यालाही वारी नवी नाही. मुक्ताबाईंची पालखी बीड शहरातून जाते आणि शेगावची परळी-अंबाजोगाईवरून. सहकुटुंब धावण्याची ही शर्यत शेकडो वर्षं चालू आहे. नोंदणी नाही, पदक नाही, पहिला कोण आला याची कुणाला चौकशी नाही.

आता गंमत पाहा. इंग्रजीत ज्याला स्टीपलचेस म्हणतात त्या शर्यतीचा अर्थही हाच. स्टीपल म्हणजे चर्चचं शिखर. १७५२ साली आयर्लंडमध्ये दोन सरदारांनी पैज लावून एका गावच्या चर्चपासून दुसऱ्या गावच्या चर्चपर्यंत घोडे फेकले, असं सांगतात. रस्ता नाही, शिखर दिसतं आहे तिकडे सरळ सुटायचं, मध्ये कुंपण, ओढा येईल तो ओलांडायचा. पुढे घोडा गेला आणि माणूस पळू लागला. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकपासून ही शर्यत तीन हजार मीटरची झाली. तीत आता अठ्ठावीस वेळा अडथळ्यावरून आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारावी लागते. बीडच्या माणसाला यातली सातांची अडचण कळणार नाही. सात ठिकाणी पाणी भरलेलं दिसल्यावर आमच्याकडचा माणूस उडी मारणार नाही, घागर आणायला घरी पळेल.

आणि तरीही ही शर्यत जगात गाजवली ती आमच्या जिल्ह्यातल्या पोरानं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. जन्म १९९४. आईवडील शेतात आणि वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटरवर, जायला वाहन नाही, म्हणून पोरगं लहानपणापासून शाळेला चालत-पळत जायचं. बारावीनंतर ५ महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि सियाचीनच्या बर्फात उभा राहिला. पळण्याच्या शर्यतीत तो २०१५ नंतर आला. २०१८ साली त्यानं स्टीपलचेसचा सदतीस वर्षांचा जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रुपेरी पदक मिळवलं, तेही पहिल्याच्या मागे शून्य पूर्णांक शून्य पाच सेकंदांनी. १९९८पासून त्या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाचे लोक घरच्या कार्यातल्या लाडवांसारखी आपसांत वाटून घेत. त्या पंगतीत पहिल्यांदा परकं ताट मांडलं गेलं ते मांडव्याचं. २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणि २०२४च्या ऑगस्टात पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी. तिथं पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

इथं एक तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. अहमदनगर–बीड–परळी लोहमार्गाला मंजुरी मिळाली १९९५ साली, म्हणजे हा पोरगा तेव्हा फार तर रांगत असेल. पुढे नगरचं अहिल्यानगर झालं, आणि बीड शहरात पहिली प्रवासी आगगाडी आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. दोघं साधारण एकाच वेळी निघाले म्हणायचे. साबळे पायानं पॅरिसला पोचला त्यानंतर वर्षभरानं रेल्वे बीडला पोचली. रेल्वेच्या वाटेत मात्र अडथळे अठ्ठावीसच होते का, हे मी मोजलेलं नाही.

हसण्यावारी न्यायची ही गोष्ट आहे आणि नाहीही. ज्यांना पळावं लागतं तेच चांगले पळतात, हे आपल्याकडे फार जुनं आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धा पाहायला सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले होते. अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं त्यांनी पाहिली. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या होत्या. त्यातूनच १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानची तुकडी गेली आणि बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला. त्या पोरांना पळायला शिकवलं होतं शेतानं, आडावरच्या खेपांनी आणि लांबच्या बाजारानं.

आणि सहकुटुंब म्हणाल, तर आमच्या जिल्ह्याएवढं सहकुटुंब धावलंय कोण? १९७२च्या दुष्काळात घरंच्या घरं दुष्काळी कामावर होती. बाप खडी फोडतोय, आई पाटी वाहतेय, पोरगं पाण्याची बादली घेऊन पळतंय, आणि संध्याकाळी सगळ्यांना मिळून अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी. अमेरिकेचा आमच्या धावण्याशी संबंध आला तो असा, डिस्नेच्या आधी. आज ज्या रस्त्यांवरून गाड्या धावतात त्यांतल्या कित्येकांची खडी त्या कुटुंबांनी फोडलेली आहे. नंतर ऊसतोड. दसरा-दिवाळी उलटली की लाखो माणसं बिऱ्हाड उचलून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. तिथं नवरा-बायको ही दोन माणसं नसतात, त्यांचा मिळून ‘एक कोयता’ होतो. नोंदणी मुकादमाकडे, पैसे आधी उचल म्हणून घ्यायचे आणि मग सहा महिने फेडायचे. पहाटे दोन-तीनला उठायचं ते इथंही असतं. फोटो काढायला मात्र वाटेत कुणी उभं नसतं.

म्हणून भाचीला मी नावं ठेवली नाहीत. तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील, तालुक्याला तारखेसाठी वीस-वीस कोस चालत गेलेले. त्यांची नात पैसे भरून, रंगीत टोपी घालून, काही कारण नसताना पळते आहे. हे कारण नसणं तीन पिढ्यांनी मिळवलेलं आहे. ते डॉलरांत मोजलं तर महाग वाटेल, कोसांत मोजलं तर स्वस्त पडलं. “दमलीस तर चाल,” एवढंच मी तिला सांगितलं. “कुणी मागे लागलेलं नाही.”

आता बीडमध्येही पळणाऱ्याला थांबवून कुणी विचारत नाही. पहाटे बार्शी रोडला या की नगर रोडला, पोरंपोरी अंधारात पळताना दिसतील. त्यांचं अंतर विंडसरच्या राजानं ठरवलेलं नाही, पोलीस भरतीच्या नियमांनी ठरवलेलं आहे: मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. पंचविसांची जागा आणि हजारोंचे अर्ज. भरतीच्या दिवशी मैदानाच्या फाटकाबाहेर त्यांचीही कुटुंबं असतात. बाप चपला हातात घेऊन उभा, आई डबा घेऊन बसलेली, धाकटा भाऊ तारेच्या कुंपणाला नाक लावून. आत पोरगी आठशे मीटर पळते, बाहेर हे तिघं जागच्या जागी तेवढंच पळतात. शिखर त्यांनाही दिसत असतं. वाटेतले अडथळे मोजायला त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.