एक संगणक बंद पडला तर तक्रार, शंभर पडले तर इशारा : रीस्टार्ट व क्रॅशच्या नोंदी का आणि कशा ठेवाव्यात

नोएडा : कार्यालयातील एखादा संगणक अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर त्याची नोंद बहुधा कोणी करीत नाही. काम पुढे चालू होते आणि घटना विसरली जाते. हाच प्रकार एकाच दिवशी, एकाच अपडेटनंतर पन्नास संगणकांवर घडला, तर मात्र ती निव्वळ तक्रार राहत नाही. मोठ्या बिघाडाची ती पूर्वसूचना ठरते. ती वेळेत ओळखता यावी, म्हणून संस्थेतील सर्व संगणकांच्या रीस्टार्ट व क्रॅशच्या नोंदी एकत्र करून त्यांवर सतत लक्ष ठेवण्याची पद्धत माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात रूढ झाली आहे.

दिल्लीला लागून असलेल्या नोएडा शहराची ओळख या क्षेत्राशी जोडलेली आहे. न्यू ओखला औद्योगिक विकास प्राधिकरणाची स्थापना १७ एप्रिल १९७६ रोजी झाली आणि त्याच्याच इंग्रजी आद्याक्षरांवरून शहराला नाव मिळाले. एचसीएलटेकसह अनेक कंपन्यांची कार्यालये येथे आहेत. देशविदेशांतील ग्राहकांचे संगणक दूरस्थ पद्धतीने सांभाळण्याचे काम अशा कंपन्यांतून चालते. ज्या यंत्रासमोर आपण बसलेलो नाही, ते का बंद पडले हे केवळ नोंदीवरून ओळखणे, हे या कामाचे मुख्य अंग आहे.

१९ जुलै २०२४ चा धडा

या विषयाचे महत्त्व सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले ते शुक्रवार, १९ जुलै २०२४ रोजी. अमेरिकेतील क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने आपल्या ‘फाल्कन’ सॉफ्टवेअरसाठी पाठविलेल्या एका अपडेटमुळे जगभरातील विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. ते पुन्हा सुरू होत आणि पुन्हा बंद पडत. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी हे अपडेट प्रसारित झाले आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेण्यात आले. या ७८ मिनिटांत बाधित झालेल्या उपकरणांची संख्या मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख होती. एकूण विंडोज संगणकांच्या तुलनेत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते; पण ते संगणक विमानतळ, रुग्णालये, बँका आणि वृत्तवाहिन्या येथील असल्याने परिणाम जगभर जाणवला.

भारतात दिल्ली, मुंबई, बंगळूरू, हैदराबाद आदी विमानतळांवर प्रवाशांच्या रांगा लागल्या. काही ठिकाणी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. इंडिगोने सुमारे २०० उड्डाणे रद्द केली. दहा बँका व बिगर बँकिंग वित्तीय कंपन्यांना किरकोळ अडथळे आल्याचे रिझर्व्ह बँकेने सांगितले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या जाळ्यावर परिणाम झाला नसल्याचे केंद्र सरकारने स्पष्ट केले. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजेच सर्ट-इनने, त्याच दिवशी सूचना जारी करून संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करण्याचा आणि सदोष फाइल काढून टाकण्याचा मार्ग सांगितला.

कंपनीने ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार कारण वरकरणी अगदी लहान होते. नव्या नियमांना माहितीचे २१ घटक अपेक्षित होते, तर सॉफ्टवेअर प्रत्यक्षात २० घटकच पुरवीत होते. एकविसावा घटक वाचण्याच्या प्रयत्नात ते मेमरीतील आपल्या हद्दीबाहेर गेले. हे सॉफ्टवेअर प्रचालन प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे ‘कर्नल’मध्ये चालत असल्याने ते एकटेच बंद पडले नाही, सोबत संपूर्ण संगणक बंद पडला.

रीस्टार्ट आणि क्रॅश यांत फरक काय?

प्रत्येक रीस्टार्ट म्हणजे बिघाड नव्हे. नोंदी वाचताना तीन प्रकार वेगळे ठेवावे लागतात. पहिला नियोजित : वापरकर्त्याने स्वतः केलेला किंवा अपडेटसाठी प्रणालीने केलेला. दुसरा क्रॅश : कर्नलमध्ये गंभीर दोष आढळल्याने प्रणालीने स्वतःहून थांबण्याचा घेतलेला निर्णय. तिसरा आकस्मिक : वीज जाणे, बॅटरी संपणे किंवा गोठलेला संगणक बटण दाबून बंद करणे.

विंडोज प्रणाली हे तिन्ही प्रकार ‘इव्हेंट लॉग’ या नोंदवहीत क्रमांकांसह लिहून ठेवते. क्रमांक १०७४ ची नोंद संगणक कोणी किंवा कोणत्या प्रोग्रामने बंद अथवा रीस्टार्ट केला ते सांगते. ६००८ म्हणजे मागील वेळी संगणक अनपेक्षितपणे बंद झाला होता. ४१ म्हणजे संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. क्रॅशनंतरच्या १००१ क्रमांकाच्या नोंदीत दोषाचा संकेतांक असतो.

यांपैकी ४१ क्रमांकाच्या नोंदीविषयी सर्वाधिक गैरसमज होतो. ही नोंद परिणाम सांगते, कारण नव्हे. तिच्यातील दोष-संकेतांक शून्य असेल, तर प्रणालीला दोष लिहिण्याइतकाही वेळ मिळाला नाही, असे समजावे. अशा वेळी सॉफ्टवेअरपेक्षा वीजपुरवठा, तापमान किंवा गोठलेले यंत्र यांकडे आधी पाहावे लागते. एकाच मजल्यावरील वीस संगणकांवर एकाच मिनिटाला ही नोंद उमटली, तर ड्रायव्हर तपासण्यापूर्वी यूपीएस तपासणे शहाणपणाचे. वीज जाणे आणि जनित्र सुरू होणे यांतील काही सेकंद जुनी यूपीएस बॅटरी पेलू शकत नाही, हे अशा नोंदींतूनच उघड होते.

लिनक्स प्रणालीत प्रत्येक वेळच्या प्रारंभाची स्वतंत्र नोंद ठेवता येते आणि कर्नल कोसळल्यास मेमरीची प्रत साठविण्याची सोय करता येते. मॅक संगणक ‘कर्नल पॅनिक’चा अहवाल तयार करतो. नावे निराळी असली, तरी कधी, कोणी आणि का, हे प्रश्न तेच राहतात.

पुरावा पुसला जातो

‘बंद करून पुन्हा सुरू करा’ हा हेल्पडेस्कचा सर्वपरिचित सल्ला अनेकदा लागू पडतो. पण त्यामुळे अडचण दूर होताना तिचा पुरावाही नाहीसा होऊ शकतो. मेमरीत त्या क्षणी काय होते, ते रीस्टार्टनंतर उरत नाही. विंडोजमध्ये क्रॅशच्या वेळी लिहिली जाणारी मेमरीची मुख्य फाइल सामान्यतः पुढच्या क्रॅशला जुन्या फाइलच्या जागी येते. इव्हेंट लॉगलाही आकाराची मर्यादा असते. ती भरली की जुन्या नोंदी गळून पडतात. म्हणूनच या नोंदी संगणकावर न ठेवता तातडीने मध्यवर्ती सर्व्हरवर पाठविणे आवश्यक ठरते.

नोंदी जपल्या तर काय साधते, याचे प्रसिद्ध उदाहरण अवकाश संशोधनातील आहे. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ यानाचा संगणक काही दिवसांतच वारंवार रीस्टार्ट होऊ लागला. अभियंत्यांनी पृथ्वीवरील त्याच्या प्रतिरूपावर घटनाक्रम नोंदवीत तोच बिघाड पुन्हा घडवून आणला. हवामानविषयक कमी प्राधान्याचे काम अधिक महत्त्वाच्या कामाला अडवून धरीत असल्याचे त्यातून दिसून आले. सॉफ्टवेअरमधील एक सेटिंग बदलून कोट्यवधी किलोमीटर दूरचे यान दुरुस्त करण्यात आले.

संख्या नव्हे, प्रमाण

मोठ्या संस्थेत रोज काही संगणक बंद पडणारच. त्यामुळे ‘आज १० क्रॅश झाले’ या वाक्याला एकटे महत्त्व नाही. २०० संगणकांच्या कार्यालयात ही चिंतेची बाब असेल, तर २० हजार संगणकांच्या संस्थेत कदाचित नेहमीचीच. यासाठी दर हजार संगणकांमागे दररोज किती क्रॅश, असे प्रमाण काढले जाते आणि त्याची तुलना संस्थेच्याच मागील काही आठवड्यांशी केली जाते.

त्यापुढचा टप्पा वर्गवारीचा. क्रॅश झालेले संगणक बनावट, ड्रायव्हरची आवृत्ती, नुकतेच आलेले अपडेट, इमारत आणि वेळ यांनुसार गटांत मांडले, की दोषाचे मूळ बहुधा एखाद्या गटात दिसू लागते. एकाच बनावटीचे संगणक बंद पडत असतील तर संशय ड्रायव्हरवर किंवा सुट्या भागांवर. सर्व बनावटींचे पण एकाच अपडेटनंतर बंद पडत असतील तर अपडेटवर. आणि एकच संगणक वारंवार बंद पडत असेल तर त्याच्या मेमरीवर किंवा डिस्कवर.

लहान कार्यालयांना यासाठी महागड्या व्यवस्थेची गरज नाही. विंडोजमधील ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ प्रत्येक संगणकाच्या स्थैर्याला १ ते १० असे गुण देतो आणि बिघाडांचा दिनक्रम दाखवितो. मोठ्या संस्था मायक्रोसॉफ्ट इंट्यूनसारख्या व्यवस्थापन प्रणालींतून सर्व संगणकांच्या रीस्टार्टची वारंवारिता एकत्र पाहू शकतात.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय सुरू असेल, तर ‘शटडाऊन’ केल्याने कर्नल पूर्णपणे बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठविली जाते. त्यामुळे ‘मी रोज संगणक बंद करतो’ असे सांगणारा कर्मचारी खरे बोलत असतो आणि ‘हा संगणक २० दिवस रीस्टार्ट झालेला नाही’ असे सांगणारी नोंदही खरी असते. अशा वेळी ‘रीस्टार्ट’ हाच पर्याय निवडावा लागतो.

गप्प राहिलेला संगणक

जुलै २०२४ च्या घटनेने देखरेखीतील एक उणीवही दाखवून दिली. क्रॅश झालेला संगणक नीट सुरू झाल्यानंतरच आपल्या क्रॅशची माहिती मध्यवर्ती सर्व्हरला कळवितो. जो सुरूच होऊ शकत नाही, तो कळविणार काय? बंद-चालूच्या फेऱ्यात अडकलेले संगणक क्रॅशच्या यादीत येत नाहीत आणि सर्वांत मोठ्या संकटाच्या वेळी अहवाल फसवा वाटण्याइतका शांत दिसू शकतो.

यावर उपाय म्हणजे क्रॅशबरोबरच अनुपस्थितीही मोजणे. प्रत्येक संगणकाने ठरावीक अंतराने ‘मी सुरू आहे’ असा संदेश पाठवायचा आणि कामाच्या वेळेत असे संदेश एकाएकी घटले, तर तोच धोक्याचा इशारा मानायचा. क्राउडस्ट्राइकनेही आपली प्रगती याच मापाने सांगितली : २९ जुलैपर्यंत सुमारे ९९ टक्के विंडोज सेन्सर पुन्हा संपर्कात आले होते. दुरुस्तीला इतके दिवस लागले, कारण असंख्य संगणकांजवळ प्रत्यक्ष जाऊन त्यांना हाताने सुरू करावे लागले आणि डिस्क सांकेतिक स्वरूपात कुलूपबंद असलेल्या ठिकाणी प्रत्येकाची स्वतंत्र किल्ली शोधावी लागली.

म्हणून अपडेट टप्प्याटप्प्याने देण्याची शिस्त देखरेखीइतकीच महत्त्वाची आहे. आधी थोड्या संगणकांना अपडेट द्यावे, त्यांचे क्रॅशचे प्रमाण आणि उपस्थिती पाहावी, मगच पुढे जावे. या घटनेनंतर क्राउडस्ट्राइकने अशा अपडेटसाठी टप्प्यांची पद्धत स्वीकारली. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२४ मध्ये विंडोजची लवचिकता वाढविण्याचा उपक्रम जाहीर केला. सुरू न होणारा संगणक दूरस्थपणे दुरुस्त करण्याची सोय त्याचाच भाग आहे.

कायदा आणि गोपनीयता

सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. निर्दिष्ट प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळविण्याचेही त्यात नमूद आहे. ही तरतूद किरकोळ नव्हे. दोन संगणकांची घड्याळे पाच मिनिटांनी चुकत असतील, तर आधी कोणता बंद पडला हे ठरविता येत नाही आणि तपास उलट्या दिशेने जाऊ शकतो.

दुसरी बाजू कर्मचाऱ्यांची आहे. क्रॅशच्या क्षणी साठविलेल्या मेमरीच्या फाइलमध्ये उघडे दस्तऐवज, ग्राहकांची माहिती, प्रसंगी पासवर्डही असू शकतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ लक्षात घेता अशा फाइली कोणाला पाहता येतील आणि त्या केव्हा नष्ट होतील, हे लेखी ठरलेले असावे. संगणक केव्हा सुरू झाला व केव्हा बंद झाला, या नोंदीचे हजेरीपटात रूपांतर करण्याचा मोहही टाळावा लागतो. आपल्यावर पाळत आहे असे वाटले, की कर्मचारी बिघाड सांगेनासे होतात. आणि बिघाडाच्या वेळी पडद्यावर काय दिसत होते, कोणते काम सुरू होते, ही माहिती तेच देऊ शकतात. ती कोणत्याही लॉगमध्ये नसते.

सुरुवात कोठून करावी?

संस्थेतील सर्व संगणकांची बनावट व आवृत्तींसह अद्ययावत यादी ही पहिली पायरी. त्यानंतर घड्याळे जुळविणे, वरील चार क्रमांकांच्या नोंदी एका ठिकाणी गोळा करणे, नेहमीचे प्रमाण किती ते ठरविणे आणि संपर्कात नसलेल्या संगणकांची वेगळी यादी रोज पाहणे, असा क्रम उपयुक्त ठरतो. डिस्कच्या किल्ल्या त्याच संगणकांवर अवलंबून नसलेल्या सुरक्षित जागी ठेवणे आणि कर्मचाऱ्यांना रीस्टार्टपूर्वी पडद्याचे छायाचित्र घेण्यास सांगणे, या दोन सवयींना खर्च जवळजवळ नाही. ऐन संकटात मात्र दुरुस्तीचे कित्येक तास त्यामुळे वाचू शकतात.